श्रीरामपूर मिशनचे अंतरंग: कॅरी कुटुंब आणि सेवाकार्याची किंमत

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात विल्यम कॅरीचे नाव बहुधा एका परिच्छेदात येऊन जाते. १८०५ मध्ये त्याने मराठी भाषेचे व्याकरण इंग्रजीतून छापले, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना बंगाली, संस्कृत व मराठी शिकवली. बंगालच्या इतिहासात त्याला अधिक जागा मिळते. बंगाली गद्य, छापखाना, श्रीरामपूरचे कॉलेज, सतीबंदीची चळवळ अशी ती यादी असते. चर्चच्या इतिहासात तर त्याला आधुनिक प्रॉटेस्टंट मिशनकार्याचा जनक म्हटले जाते. प्रस्तुत टिपणात ही कामगिरी फक्त संदर्भापुरती येईल. ती ज्या घरात झाली त्या घरातल्या माणसांचे काय झाले, हा आपला विषय आहे.

हा विषय निवडण्याचे कारण असे की धर्मसेवेच्या इतिहासात सेवकाची चरित्रे भरपूर सापडतात, पण ती बहुतेक वाचकाची श्रद्धा वाढवण्यासाठी लिहिलेली असतात. संकटे त्यांत येतात, पण ती बाहेरची: समुद्र, ताप, सरकार, आग. घरातले आणि सहकाऱ्यांमधले प्रश्न दोन वाक्यांत उरकले जातात. श्रीरामपूरची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या मंडळींनी पत्रे आणि रोजनिशा इतक्या लिहिल्या की लपवू म्हटले तरी बरेच उघड राहिले.

एक खुलासा आधीच करायला हवा. हे श्रीरामपूर म्हणजे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातले, साखर कारखान्यांच्या पट्ट्यातले श्रीरामपूर नव्हे. हे कलकत्त्याच्या उत्तरेला, हुगळी नदीच्या पश्चिम काठावर वसलेले गाव. इंग्रजीत ते सेरामपूर झाले. त्या काळी ते डेन्मार्कच्या ताब्यात होते, आणि या एका गोष्टीवर पुढचे सगळे अवलंबून होते.

निर्णय कोणाचा होता?

कॅरीचा जन्म १७६१ चा, इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातला. व्यवसायाने तो जोडे शिवणारा होता. वयाच्या विसाव्या वर्षाआधीच, १७८१ मध्ये, त्याने डॉरथी प्लॅकेटशी लग्न केले. ती त्याच्याहून पाचेक वर्षांनी मोठी होती आणि तिला लिहिता येत नव्हते. विवाहनोंदीच्या वहीत सहीच्या जागी तिने फुली मारली आहे. पुढच्या दहा-बारा वर्षांत कॅरी जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला, शाळा चालवू लागला, बॅप्टिस्ट मंडळीचा पाळक झाला. याच काळात या दांपत्याच्या दोन मुली लहानपणीच दगावल्या.

१७९२ मध्ये कॅरीने परदेशी मिशनकार्याची बाजू मांडणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावी एका विधवेच्या घरातल्या बैठकीत बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. जमलेल्या वर्गणीचा आकडा होता १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. बहुतेक जण खेड्यातले गरीब पाळक होते. जानेवारी १७९३ मध्ये बंगालात राहून आलेला जॉन थॉमस हा डॉक्टर त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्याच्यासोबत जायला कॅरी तयार झाला.

डॉरथीने नकार दिला. ती गरोदर होती, पदरी तीन मुलगे होते आणि आयुष्यात आपल्या परगण्याबाहेर ती फारशी गेलेली नव्हती. कॅरीने थोरल्या फीलिक्सला बरोबर घेतले आणि बायकोला मागे ठेवून तो निघाला. येथेच गोष्ट वेगळ्या वळणाने गेली असती. पण कंपनीचा परवाना त्यांच्याकडे नव्हता, आणि थॉमसच्या मागे इंग्लंडमधले सावकार लागलेले होते. जहाज किनाऱ्याजवळ अडकून पडले असताना दोघांनाही खाली उतरवण्यात आले. सेवेची सुरुवातच सहकाऱ्याच्या कर्जाने अडली, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण थॉमसचा पैशाचा गोंधळ पुढेही सुटला नाही.

कॅरी घरी परतला तेव्हा डॉरथी बाळंत होऊन थोडेच दिवस झाले होते. तिने पुन्हा नाही म्हटले. दोघे निघाले. वाटेत थॉमसला राहवेना. तो एकटा परत गेला आणि त्याने तिला सांगितले की आता आली नाहीस तर कुटुंब कायमचे तुटेल आणि जन्मभर पश्चात्ताप करशील. हे थॉमसने स्वतःच नंतर लिहून ठेवले आहे, आणि तेही आपल्या हुशारीची गोष्ट म्हणून. डॉरथी घाबरली. बहीण किटी सोबत येणार असेल तर येते, म्हणाली. एका दिवसाच्या आत घर आवरले गेले. १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजाने ही मंडळी निघाली आणि ११ नोव्हेंबरला कलकत्त्यास पोहोचली.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून एक प्रश्न विचारायला हवा. 'पाचारण' हा शब्द ख्रिस्ती मराठीत रूढ आहे. देवाने एखाद्याला सेवेसाठी बोलावणे, असा त्याचा अर्थ. पाचारण कॅरीला झाले होते, असे तो आणि त्याचे मित्र मानत. डॉरथीला ते झाले नव्हते, आणि तसे तिने तीनदा सांगितले होते. पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये नवऱ्याचा निर्णय हाच कुटुंबाचा निर्णय होता. तिचा नकार हे एक मत आहे, असे त्या पत्रव्यवहारात फारसे कोणी मानलेले दिसत नाही. तो एक अडथळा मानला गेला, आणि अडथळा दूर झाल्याचा सगळ्यांना आनंद झाला.

बंगालमधली पहिली वर्षे

बरोबर आणलेला पैसा थॉमसच्या हाती होता. तो भराभर संपला. थॉमस कलकत्त्यात डॉक्टरकी करीत बऱ्यापैकी राहू लागला आणि कॅरीचे सात माणसांचे कुटुंब शहराबाहेर माणिकतल्ल्याला कसेबसे दिवस काढू लागले. डॉरथी आणि फीलिक्स हगवणीने आजारी पडले. या दिवसांतल्या कॅरीच्या रोजनिशीत बायको आणि मेहुणी पावासाठी कुरकुरतात, आपल्याला बोल लावतात, अशी तक्रार येते. जुन्या चरित्रकारांनी या ओळी उचलून डॉरथीचे चित्र रंगवले: संकुचित, कुरकुरी, नवऱ्याच्या ध्येयाला न समजणारी. त्याच ओळी दुसऱ्या बाजूने वाचल्या तर काय दिसते? परक्या मुलखात हगवणीने खंगलेली, अंगावर पिणारे मूल असलेली बाई ओळखीचे अन्न मागते आहे.

१७९४ च्या सुरुवातीला कुटुंब सुंदरबनात देबहट्ट्याला गेले. जंगल तोडून शेती करण्याचा कॅरीचा बेत होता. वाघांच्या त्या मुलखात कंपनीच्या चार्ल्स शॉर्ट नावाच्या अधिकाऱ्याने त्यांना आसरा दिला. काही महिन्यांतच मालद्याकडे मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली म्हणून कॅरी मंडळी उत्तरेस निघाली. किटी मात्र मागे राहिली. तिचे शॉर्टशी लग्न ठरले होते. जिच्या सोबतीच्या अटीवर डॉरथी जहाजात बसली होती, ती बहीण वर्षाच्या आत दुरावली.

त्याच शरद ऋतूत पाच वर्षांचा पीटर तापाने गेला. खड्डा खणायला आणि पेटी उचलायला माणसे मिळेनात. परक्या धर्माच्या प्रेताला हात लावला तर जातीतून बाहेर पडावे लागेल, ही आसपासच्या लोकांची भीती खरी होती. कॅरी स्वतः तापाने अशक्त झाला होता. शेवटी कसाबसा दफनविधी झाला.

इंग्लंडहून पहिली पत्रे हाती यायला १७९५ उजाडले. तोवर दीड वर्ष होऊन गेले होते. पत्रे आली ती अशी की, निळीच्या नोकरीचे ऐकून सोसायटीतल्या काही जणांना चिंता वाटू लागली होती. मिशनरी व्यापारात बुडून जाऊ नये, असा इशारा त्यांनी दिला होता. कॅरीने तर नोकरी लागताच कळवले होते की मला आता पैसे पाठवू नका, ते दुसऱ्या कामाला वापरा. इशाऱ्याने तो दुखावला. धर्मसेवकाने पोट कसे भरावे, हा प्रश्न इतका जुना आहे. दुसऱ्याच्या वर्गणीवर जगले तर तो मिंधा ठरतो. स्वतः कमावले तर त्याच्या निष्ठेवर शंका घेतली जाते.

१७९५ च्या सुमारास डॉरथीचे मन ढळले. नवरा आपल्याशी बेइमान आहे, असा ठाम भ्रम तिच्या मनात बसला. ती त्याच्यामागे रस्त्याने ओरडत जाई, लोकांसमोर आरोप करी, आणि एकदा तर सुरी घेऊन अंगावर धावून गेली. थॉमस आणि इतरांनी चौकशी करून आरोप निराधार असल्याचे इंग्लंडला कळवले. काही काळ ती शांत होई, मग पुन्हा तेच. पुढे तिला खोलीत बंद ठेवावे लागले. १८०७ च्या ८ डिसेंबरला श्रीरामपूरला ती वारली, तोपर्यंत ही स्थिती होती. जवळजवळ बारा-तेरा वर्षे.

आजच्या मानसशास्त्रातले एखादे नाव या आजाराला देण्याचा मोह होतो. अभ्यासकांनी तसे प्रयत्नही केले आहेत. माझ्या मते अडीचशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या माणसाचे निदान पत्रांवरून करताना हात आखडता घ्यावा. आजाराचे बीज आधीपासून असेल, नसेल. पण मुलाचा मृत्यू, बहिणीचा वियोग, भाषा न येणे, सततची आजारपणे आणि स्वतः कधीही न निवडलेले आयुष्य, ही परिस्थिती काही तर्क नाही. ती कागदावर आहे.

एक घर, एक तिजोरी

१७९९ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडहून नवी तुकडी आली. तीत शाळामास्तर जोशुआ मार्शमन, त्याची पत्नी हॅना आणि मुद्रक विल्यम वॉर्ड होते. कंपनीच्या मुलखात त्यांना राहू दिले जाईना, म्हणून डॅनिश श्रीरामपूरच्या आश्रयाला ती थांबली. जानेवारी १८०० मध्ये कॅरीही मदनाबाटी सोडून तिथे आला. तुकडीतला विल्यम ग्रँट पोहोचल्यावर तीन आठवड्यांत वारला होता. आधीपासून कॅरीसोबत असलेला जॉन फाउंटन १८०० मध्ये, ब्रन्सडन १८०१ मध्ये आणि थॉमसही १८०१ मध्ये गेला. राहिले तिघे: कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड. इतिहासात ते 'श्रीरामपूरचे त्रिकूट' म्हणून ओळखले जातात.

हॅना मार्शमन आली तेव्हा कॅरीचे मुलगे मोकाट झालेले होते. आई खोलीत बंद, बाप पुस्तकांत. कॅरी स्वभावाने मवाळ होता आणि मुलांना दटावणे त्याला जमत नसे. हॅनाने आणि वॉर्डने त्या पोरांना माणसांत आणले. पुढे हॅनाने काढलेल्या निवासी शाळांच्या उत्पन्नावर मिशनचा बराच खर्च चालला. मिशनच्या इतिहासात 'त्रिकूट' असा शब्द पडला खरा, पण ते घर चालवणारी चौथी व्यक्ती होती, आणि ती १८४७ पर्यंत तिथेच होती.

श्रीरामपूरच्या व्यवस्थेत शिकण्यासारखे बरेच आहे. सगळी कुटुंबे एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत. मिळकत सामाईक तिजोरीत जाई आणि प्रत्येक कुटुंबाला खर्चापुरती थोडी रक्कम मिळे. कोणीही स्वतःसाठी व्यापार करायचा नाही, असा नियम होता. सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे शनिवारची संध्याकाळ. त्या वेळी सगळ्यांनी बसून आठवड्यातले आपसांतले रुसवेफुगवे बोलून टाकायचे आणि पुन्हा एकमेकांशी प्रेमाने वागण्याचे वचन द्यायचे. १८०५ मध्ये त्यांनी आपल्या कामाची तत्त्वे लिहून काढली आणि ती वर्षातून तीनदा मोठ्याने वाचायची, असे ठरवले. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना यात नवल वाटणार नाही, पण इंग्लंडच्या खेड्यांतून आलेल्या या माणसांना ते मुद्दाम ठरवून शिकावे लागले.

२८ डिसेंबर १८०० चा दिवस या घराचे सगळे रूप एकत्र दाखवतो. सात वर्षांच्या खटपटीनंतर पहिल्या बंगाली माणसाचा, कृष्ण पाल नावाच्या सुताराचा, हुगळीत बाप्तिस्मा झाला. त्याच्यासोबत पंधरा वर्षांच्या फीलिक्सचाही झाला. घाटावर डॅनिश गव्हर्नर ओले बी हजर होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. त्याच वेळी मिशनच्या आवारात एका खोलीत डॉरथी आणि दुसऱ्या खोलीत थॉमस बंद होता. कृष्ण पालचा निखळलेला हात बसवून त्याला मिशनकडे आणणारा थॉमसच होता. ज्या क्षणाची त्याने सतरा-अठरा वर्षे वाट पाहिली, त्याच्या आनंदाने त्याच्या मनाचा तोल गेला होता.

कृष्ण पालबद्दल येथे थोडे सांगायला हवे, कारण किंमत मोजणारे सगळे गोरे नव्हते. बाप्तिस्म्याच्या आधी त्याने मिशनऱ्यांसोबत पंक्तीला बसून जेवण केले. त्याचा अर्थ सगळ्या गावाला कळला. जमावाने त्याला घरातून ओढत न्यायाधीशापुढे नेले. न्यायाधीशाने सोडून दिले, पण त्याच्या मुलीचे लग्न लहानपणी ज्या घरी ठरले होते त्यांनी पुढे तिला उचलून नेले. मिशनरीला निदान परतीच्या जहाजाची कल्पना तरी करता येत होती. कृष्ण पाल त्याच गल्लीत राहत होता. तो पुढे उपदेशक झाला, कलकत्त्यात आणि इतरत्र हिंडला, आणि १८२२ मध्ये पटकीने वारला. त्याच्याबद्दल जे कळते ते मुख्यतः मिशनऱ्यांच्या अहवालांतून. अहवालात यशाची गोष्ट सांगायची असते. त्याच्या घरच्या बायकांना काय वाटले, ते अशा अहवालात शोधूनही सापडायचे नाही.

दोन खोल्यांपलीकडचे व्याकरण

१८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून झाला आणि त्याच वर्षी फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरीची नेमणूक झाली. महिना ५०० रुपये. पुढे प्राध्यापक झाल्यावर १,००० रुपये. ही रक्कमही सामाईक तिजोरीत जाई. आठवड्याचे काही दिवस तो कलकत्त्यात राही आणि उरलेले दिवस होडीने परत येऊन श्रीरामपूरला काढी. १८०४ पासून मराठीही त्याच्याकडे आली. मदतीला वैजनाथ पंडित होता. मराठी मुलखात कॅरी कधी गेला नव्हता. ती भाषा त्याने या पंडिताच्या तोंडून ऐकली. व्याकरणात देवनागरी आणि कोशात मोडी असे टाइप वापरले गेले. मॅथ्यूचे शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि संपूर्ण नवा करार १८११ मध्ये मराठीत निघाला.

हे सगळे काम कोणत्या जागी झाले? मार्शमनचा मुलगा जॉन क्लार्क याच घरात लहानाचा मोठा झाला आणि पुढे त्याने त्रिकुटाचा इतिहास लिहिला. त्याने नोंदवले आहे की कॅरीच्या अभ्यासिकेपासून एक खोली सोडून पलीकडे त्याची वेडी पत्नी होती, आणि तिचा क्षोभ अनेकदा अनावर होई. त्या आवाजात अनुवाद चालत. मराठी व्याकरणाच्या १८०५ च्या प्रतीकडे पाहताना मला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

चरित्रकार यातून कॅरीच्या चिकाटीचा धडा काढतात. धडा खोटा नाही. पण आणखी एक शक्यता आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत भाषा, तपासणीचे कागद, उपदेश, बागेतली झाडे, असे जगणारा माणूस दुःखाशी समोरासमोर न येता वर्षे काढू शकतो. काम पवित्र असेल तर त्याला कोणी हटकतही नाही. दारू पिणाऱ्या नवऱ्याला मित्र टोकतात. बायबलचे भाषांतर करणाऱ्याला कोण टोकणार? कॅरीने डॉरथीला टाकले नाही, तिच्याशी क्रूरपणा केल्याची नोंद नाही, हे खरे आहे. ती गेल्यावर सहा महिन्यांच्या आत, मे १८०८ मध्ये, त्याने शार्लट रूमोर या शिकलेल्या डॅनिश बाईशी लग्न केले, हेही खरे आहे. सहकाऱ्यांना घाई रुचली नाही. लग्न मात्र सुखाचे झाले. ती अपंग होती, अनेक भाषा जाणत होती आणि त्याच्या कामात तिचे मन होते.

मुलांचा हिशेब निराळा. फीलिक्स १८०७ मध्ये मिशनरी म्हणून ब्रह्मदेशात गेला. १८१४ मध्ये इरावती नदीत नाव उलटून त्याची बायको आणि मुले बुडाली, छापखानाही गेला. मग ब्रह्मी राजाने त्याला आपला वकील म्हणून कलकत्त्यास पाठवले आणि तो दरबारी थाटात आला. बापाला हा मुलाचा ऱ्हास वाटला. मिशनरीचा राजदूत होणे म्हणजे लहान होणे, असे त्याने खेदाने लिहिले. ते पद गेल्यावर फीलिक्स पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात काही वर्षे भटकत राहिला. १८१८ मध्ये वॉर्डने त्याला शोधून परत आणले. शेवटची चार वर्षे त्याने श्रीरामपूरला लेखन-भाषांतरात घालवली. बंगालीत शरीरशास्त्रावरचा त्याचा ग्रंथ या काळातला. १८२२ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, तो वारला. बोटीतून उतरताना सात-आठ वर्षांचा असलेला हा मुलगा आईचा सगळा आजार पाहत वाढला होता.

कीर्ती, मालमत्ता आणि तरुण सहकारी

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागद, टाइप, हस्तलिखिते आणि कॅरीच्या बहुभाषी कोशाचे साहित्य जळाले. ठसे आणि साचे मात्र वाचले, म्हणून काही महिन्यांत काम पुन्हा सुरू झाले. इंग्लंडमध्ये बातमी पोहोचताच सुमारे १०,००० पौंड भराभर जमले. तेरा पौंडांपासून इथपर्यंत वीस वर्षांत! श्रीरामपूर घरोघरी माहीत झाले. सोसायटीचा चिटणीस अँड्र्यू फुलर सावध माणूस होता. ही कीर्ती आपल्याला भोवेल, अशी भीती त्याने मित्रांना बोलून दाखवली.

फुलर १८१५ मध्ये वारला. त्याचा आणि त्रिकुटाचा व्यवहार मैत्रीवर चाले, कागदपत्रांवर नव्हे. नवी समिती या माणसांना ओळखत नव्हती. तिने विचारले: श्रीरामपूरची जमीन, इमारती, छापखाना कोणाच्या नावावर? त्रिकुटाचे म्हणणे, हे आम्ही आमच्या कमाईतून उभे केले, ते मिशनसाठीच आहे, पण त्याचा कारभार लंडनहून चालणार नाही. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे सरळ वाटत होते. वर्गणीदारांत अफवा पसरली की श्रीरामपूरच्या मंडळींनी संपत्ती जमवली आहे.

त्यातच तरुण मिशनऱ्यांशी खटका उडाला. कॅरीचा सख्खा पुतण्या यूस्टेस कॅरी १८१४ मध्ये आला होता. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना श्रीरामपूरचे एकत्र घर जाचक वाटले. निर्णय तिघेच घेतात, त्यातही मार्शमनचे चालते, आम्ही नोकरांसारखे, अशी त्यांची तक्रार. १८१७-१८ च्या सुमारास ते वेगळे होऊन कलकत्त्यात राहू लागले. ज्या शनिवारच्या बैठकीने पहिल्या पिढीचे रुसवे मिटवले, ती दुसऱ्या पिढीसाठी अपुरी ठरली. कारण उघड आहे. पहिले तिघे बरोबरीचे होते. एकत्र उपासमार आणि एकत्र दफने त्यांनी पाहिली होती. नवे आले ते आधीच बांधलेल्या घरात, आणि तिथे मोठ्यांची जागा भरलेली होती. सामाईक तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती असते, त्याला ती सामाईकच वाटते. कॅरीने मार्शमनची बाजू घेतली, पुतण्याची नाही. १८२३ मध्ये वॉर्ड पटकीने गेला, आणि सलोखा करू शकणारा एक माणूस कमी झाला.

१८२७ मध्ये श्रीरामपूर आणि सोसायटी अधिकृतपणे वेगळे झाले. ज्या सोसायटीचा कॅरी पहिल्या दिवसापासूनचा सभासद, तिच्याशी त्याचे नाते असे तुटले. दोन्ही बाजूंनी पत्रके निघाली. १८३० मध्ये कलकत्त्याची पामर आणि कंपनी ही पेढी बुडाली आणि तिच्यात मिशनचा पैसा गेला. त्याच सुमारास फोर्ट विल्यमची प्राध्यापकी बंद होऊन कॅरीची मिळकत निम्म्यावर आली. श्रीरामपूर आणि सोसायटी पुन्हा एक झाले ते १८३७ मध्ये. तेव्हा कॅरी नव्हता, आणि मार्शमनही त्याच वर्षी डिसेंबरात वारला.

आता साधनांचा विचार. कॅरीचे पहिले मोठे चरित्र १८३६ मध्ये यूस्टेसने लिहिले, म्हणजे भांडणातल्या एका बाजूने. जॉन क्लार्क मार्शमनचा इतिहास १८५९ चा, म्हणजे दुसऱ्या बाजूने, बापाच्या बचावासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या चरित्रांना नायक हवा होता आणि नायकाच्या मार्गात एक अडाणी बायको हवी होती. डॉरथीला मध्यभागी ठेवून लिहिलेले जेम्स बेक यांचे पुस्तक १९९२ मध्ये आले, तिच्या मृत्यूनंतर १८५ वर्षांनी. तेही अर्थातच इतरांच्या पत्रांवरून लिहावे लागले. तिची बाजू तिच्याच शब्दांत सांगणारा कागद बेक यांच्या पुढ्यात नव्हता. विवाहाच्या वहीतली ती फुली मात्र आहे.

कॅरी ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूरला वारला. त्याच्या मृत्युपत्रातले सुरुवातीचेच कलम मालमत्तेबद्दल आहे: श्रीरामपूरच्या जागेवर आणि इमारतींवर आपला कसलाही हक्क नाही, असे त्याने लिहून दिले. देण्यासारखे थोडे होते. ग्रंथसंग्रह विकून मुलगा जेबेझ याला १,५०० रुपये द्यावेत, असे त्याने सांगितले. हा जेबेझ म्हणजे १७९३ च्या जूनमध्ये आईच्या कडेवर जहाजात चढलेले महिन्याभराचे बाळ. दफनाबद्दलही सूचना आहे. आपली दुसरी पत्नी शार्लट एमिलिया हिच्या शेजारी आपल्याला पुरावे, अशी.